कोर्टाच्या व्हरांड्यातली काळी पट्टी

जिल्ह्यातल्या कोर्टांच्या इमारतींवर ग्रंथ काढायचा असं ज्या समितीनं ठरवलं, तिच्यातल्या एकाही माणसानं त्या इमारतींकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. हे मी रागानं म्हणत नाही, अनुभवानं म्हणते. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "आपल्या जुन्या कोर्टाच्या दर्शनी भिंतीला कमानी किती?" समोर नऊ वकील. तिघं म्हणाले पाच, दोघं म्हणाले सात, एकानं मोबाइलवर फोटो शोधायला घेतला, दोघांनी चहाच्या कपात तोंड घातलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, त्याचसाठी तर आपल्याला बोलावलंय."

त्या इमारतीत ही मंडळी तीस-तीस वर्षं ये-जा करत होती.

इमारत कुठली ते मी सांगणार नाही. पुण्यात जागेचं नाव घेतलं की ताबडतोब कोणीतरी दुरुस्ती सुचवतं, आणि मला आता दुरुस्त्यांचा कंटाळा आला आहे. जुन्या शहरातली घडीव काळ्या दगडाची एकमजली इमारत, वर कौलं, पुढे लांबलचक व्हरांडा, एवढं पुरे. कमानी नऊ आहेत.

अध्यक्ष शहरातले ज्येष्ठ वकील. घरात तिसऱ्या पिढीची वकिली. बोलताना ते आपल्याकडे पाहत नाहीत, आपल्या डोक्याच्या हातभर वर पाहतात. तिथे न्यायाधीश बसलेले असावेत. त्यांना स्मरणिका नको होती. "स्मरणिका रद्दीत जाते, मॅडम. आपल्याला कॉफी टेबल बुक पाहिजे." त्यांच्या घरी कॉफी कोणी पीत नाही, हे मला पुढे कळलं.

मी आर्किटेक्चरच्या कॉलेजात सव्वीस वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवला. माझे विद्यार्थी कमानींचे प्रकार पाठ करून पास झाले आणि खराडीत काचेचे डबे उभे करायला गेले. निवृत्तीनंतर शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत मी स्वस्थ बसले होते. तरी मी होकार दिला. जिल्ह्यातली जुनी कोर्टं मोजून त्यांचे नकाशे काढावेत, असं विद्यार्थिदशेपासून मनात होतं; आणि ग्रंथाच्या पहिल्या पानावर आपलं नाव येणार, हेही होतं. दुसरं कारण जास्त वजनाचं होतं. ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

सोबतीला समितीनं एक निवृत्त बेलिफ दिले. समन्स आणि नोटिसा घरोघर जाऊन बजावणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जिल्ह्यातलं प्रत्येक कोर्ट त्यांनी पायाखाली घातलेलं. सत्तरीचे, काटक, पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. त्यांचं गाव आता शहरात आलेलं. म्हणजे ते कुठे हललं नाही, शहरच त्याच्या अंगावर येऊन बसलं. कोर्टात सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. ते मला बाई म्हणत.

"मामा, तुम्हाला इमारतींबद्दल काय काय माहिती आहे?" मी पहिल्या दिवशी गाडीत विचारलं. माझा स्वर परीक्षा घेणाऱ्या बाईचाच होता.

"मला काय ठावं असणार बाई? मी आपला बाहेर उभा ऱ्हाणारा मानूस."

मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं.

आम्ही तालुक्यांची कोर्टं पाहत निघालो. एक कोर्ट जुन्या कचेरीत होतं. सागवानी खांब, मातीचा गिलावा, छत इतकं खाली की उंच वकिलानं वाकूनच युक्तिवाद करावा. मला ते आवडलं. दुसऱ्या तालुक्यात नवं कोरं कोर्ट होतं. त्याच्यावर घुमट होता. घुमटाखाली काय आहे म्हणून मी वर गेले, तर पाण्याची टाकी. बांधकाम खात्याचे अभियंते अभिमानानं म्हणाले, "न्यायालय म्हटलं की घुमट पाहिजे, मॅडम. डिग्निटी येते."

"टाकीला?" मी विचारलं.

ते हसले. विनोद कळला म्हणून नाही. मी पाहुणी होते म्हणून.

त्या कोर्टाला समोर ग्रॅनाइटच्या पंधरा पायऱ्या होत्या, आणि त्या उन्हात इतक्या तापत की पक्षकार पलीकडच्या रसवंतीत बसून पुकाऱ्याची वाट बघत. पुकारा तिथवर ऐकू यायचा नाही, म्हणून प्रत्येक घरातला एक जण पायऱ्यांवर उभा. मामांनी मला हे दाखवलं. मी घुमटावर दीड पान लिहिलं होतं, पायऱ्यांवर एक ओळ. घरी आल्यावर दोन्ही फाडलं आणि नव्यानं लिहिलं. पण मामांना त्याचं श्रेय द्यायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मग आम्ही शहरातल्या जुन्या इमारतीकडे वळलो. ती मला पाठ होती. दरवर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथे नेत असे आणि व्हरांड्यात उभी राहून एक गोष्ट हमखास सांगत असे. व्हरांड्याच्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर सुरू होऊन साधारण मांडीपर्यंत, दगडाची एक गुळगुळीत काळी पट्टी आहे. वरचा दगड राखाडी, खरबरीत. ही पट्टी मात्र तुळतुळीत, हात फिरवला तर तेल लावल्यासारखी. मी मुलांना सांगायची, "हा सजावटीचा पट्टा. दगड मुद्दाम घोटून, तेलपाणी देऊन काळा केलाय. आडव्या रेषेमुळे इमारत जमिनीला धरून राहते." मुलं लिहून घ्यायची. सव्वीस वर्षं.

मामांसमोरही मी हेच सांगितलं. मोजायची टेप धरून ते माझ्यासमोर उभे होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, ह्ये गवंड्याचं काम न्हाई."

"मग कोणाचं?"

"ह्या पाठी हायत."

मला कळलं नाही. मामांनी टेप खाली ठेवली, लादीवर मांडी घातली आणि भिंतीला टेकले. त्यांचा खांदा बरोबर पट्टीच्या वरच्या कडेला लागला. "हितं बाकडी कदी न्हवतीच. सकाळी येऊन टेकायचं, पुकारा हुईस्तवर उटायचं न्हाई. शेतातल्या मानसाच्या पाठी. घाम, त्याल, घोंगडी. दगूडच तो, पन किती वर्सं घासलाय?"

मी म्हणाले, "कशावरून?" मला पुरावा हवा होता. खरं तर मला तो नकोच होता.

"त्या दाराकडं बगा. दाराच्या दोन्ही अंगांना पट्टी हाय का?"

नव्हती. दोन्ही बाजूंना दोन-दोन हात दगड राखाडी होता, वरच्यासारखाच.

"तितं पट्टेवाला बसू देत न्हवता. सायबाची वाट. आन् ह्या दक्षिनेच्या टोकाला बगा, तितं पट्टी फिक्की. का? तितं दुपारचं ऊन येतंय. जितं सावली तितं काळी."

मी व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मामा म्हणाले तसंच होतं, इंचाइंचानं. माझ्यासमोर एवढा स्पष्ट नकाशा भिंतीवर काढून ठेवलेला आणि मी त्याला सजावट म्हणत आले. माझे किमान हजारेक विद्यार्थी आजही कुठे ना कुठे तेच सांगत असतील. ज्या वकिलांना कमानी मोजता आल्या नाहीत, त्यांच्यापेक्षा मी बरी होते असं म्हणायला जागा राहिली नव्हती. त्यांनी पाहिलं नव्हतं. मी पाहून चुकीचं शिकवलं होतं.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, तिथेच लादीवर बसून मी त्या भिंतीचं प्रकरण लिहायला घेतलं. मामांनी सांगायचं, मी लिहायचं. साक्षीदारांना कुठल्या खांबापाशी बसवायचे, बाया कुठल्या कोपऱ्यात बसायच्या, एकाच घरातले दोन भाऊ भांडण लागल्यावर व्हरांड्याची कुठली टोकं धरायचे. पंधरा पानं झाली. माझ्या हातून इतकं चांगलं काही पूर्वी लिहिलं गेलं नव्हतं.

अध्यक्षांनी मला त्यांच्या कार्यालयात बोलावलं. समोर माझी पानं, त्यांवर लाल पेन.

"मॅडम, भाषा सुंदर. पण पक्षकारांच्या पाठी... हे जरा..." ते माझ्या डोक्यावरच्या न्यायाधीशांकडे पाहत थांबले. "ग्रंथ मोठमोठ्या लोकांच्या हातात जाणार. पहिल्याच प्रकरणात घामाचे डाग?"

"डाग नाहीत. झीज आहे."

"तेच ते. आणि शैली आपण कुठलीच दिली नाहीये. व्हिक्टोरियन गॉथिक असं टाकू या का?"

"गॉथिक कमान टोकदार असते. या सगळ्या अर्धगोल आहेत."

"थोडा प्रभाव तरी असेलच की."

"नाही."

"बरं, वास्तुविशारद कोण होता?"

"नोंद सापडत नाही. कुठल्या तरी सरकारी कचेरीत आखलेला साधा नकाशा असावा. दगड इथल्या खाणीतला, घडवणारे इथले पाथरवट."

"नाव नाही असं कसं छापायचं?" ते खरोखरच व्यथित झाले. "आमच्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलंय की इटलीतल्या एका राजवाड्यावरून ही इमारत बेतली होती."

"आजोबा इटलीला गेले होते?"

त्यांनी पानं गोळा केली आणि लाल पेनाला टोपण लावलं. "आपण भावनेच्या भरात आहात. राहू द्या माझ्याकडे, मी पाहतो."

ते काय पाहणार हे मला माहीत होतं. मी तिथल्या तिथे माझी पानं परत मागायला हवी होती. मी चहा घेतला आणि घरी आले.

प्रकाशन मोठ्या सभागृहात झालं. दारात रांगोळी, सनई, गुलाबपाण्याचा फवारा. लग्नाला आलोय की काय असं वाटावं. ग्रंथ इतका जड की मांडीवर उघडला तर पाय बधिर व्हावेत. मी चौथ्या रांगेत बसून चाळला. पाठींचं प्रकरण नव्हतं. त्या जागी अध्यक्षांच्या आजोबांचा पानभर फोटो. खाली इटलीतला राजवाडा, व्हिक्टोरियन गॉथिकचा प्रभाव, आणि घुमटवाल्या कोर्टाचं ड्रोनमधून काढलेलं चित्र, टाकीसकट. लेखन म्हणून माझं नाव, सोनेरी अक्षरांत.

माझं नाव पुकारलं गेलं. स्टेजच्या पायऱ्या चढेपर्यंत मी ठरवलं होतं की सांगायचं. माइकवर जाऊन एवढंच म्हणायचं, की हे मी लिहिलेलं नाही. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात श्रीफळ दिलं, फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे," आणि मी इकडे पाहिलं. हसूनच. मग माइकवर माझा आवाज मी ऐकला: "समितीनं ही संधी दिली, याबद्दल मी ऋणी आहे." टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

आयुष्यभर मी ज्या प्रकारच्या माणसांना तुच्छ लेखत आले, त्यांच्यात जाऊन बसायला मला सात पायऱ्या पुरल्या.

मामांना निमंत्रण नव्हतं. तरी ते आले होते आणि मागच्या दाराशी उभे होते. कार्यक्रम संपल्यावर बाहेर भेटले. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी फक्त शालीचं टोक बोटांत धरून पाहिलं.

"चांगली हाय, बाई. उबदार दिसतीया."

अपमान करावा तर असा. कॉलेजच्या राजकारणात मी बऱ्याच जणांना टोमणे मारले, पण इतका स्वच्छ टोमणा मला कधी साधला नव्हता. आणि त्यांच्या मनात टोमणा होता की नव्हता, हेही मला आजवर कळलेलं नाही.

भाषणात अध्यक्षांनी आणखी एक जाहीर केलं होतं. या ग्रंथाच्या निमित्तानं जुन्या इमारतीचं सौंदर्यीकरण होणार, व्हरांडा डागमुक्त करून तिला मूळ रूप देणार. डागमुक्त हा शब्द माझ्या पानांमुळेच त्यांना सुचला असणार. ती भिंत त्यांच्या नजरेस मीच आणून दिली होती.

पंधरा दिवसांनी सकाळी मामांचा फोन आला. "बाई, मशीन आलंय. घासाया लागलेत."

मी रिक्षानं पोचले तेव्हा उत्तरेकडचं टोक पांढरंफटक झालं होतं. दोन कामगार तोंडाला फडकं बांधून दगड घासायचं यंत्र चालवत होते. व्हरांड्यात धूळ, कानठळ्या. पक्षकार बाहेर आवारात उन्हात उभे, हातात पिशव्या, कोणीच काही विचारत नव्हतं. मामा खांबापाशी उभे होते.

मला काय करावं ते सुचेना. खरंच सुचेना. पत्र लिहावं, फोन करावा, हे सगळं डोक्यात येत होतं आणि यंत्र हातभर पुढे सरकत होतं. मग मी यंत्राच्या पुढे जाऊन भिंतीला पाठ लावून खाली बसले. गुडघे दुखतात, त्यामुळे बसायला वेळ लागला; कामगारांनी तेवढा वेळ यंत्र बंद करून सभ्यपणे वाट पाहिली.

मामा माझ्या शेजारी येऊन बसले.

ठेकेदाराचा सुपरवायझर धावत आला. "मॅडम, प्लीज, ये साइट है. सेफ्टी इश्यू होईल."

"मी कोर्टात बसलेय."

"पण इथे काम चालू आहे ना."

"कोर्टाचंही चालू आहे."

आवारात उभी असलेली एक म्हातारी हे ऐकत होती. हिरवं लुगडं, डोळ्याला मोतीबिंदूचा चष्मा. कुठल्या तरी तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं आलेली. ती वर चढून आली आणि मला म्हणाली, "जरा सरका की बाई, सगळी सावली तुमीच घेतली." मी सरकले. ती टेकून बसली आणि पिशवीतून भाकरी काढली. ती बसली म्हणून तिचा जावई बसला, मग आणखी चार जण. ह्यात आंदोलन वगैरे काही नव्हतं. त्यांना बसायला जागा हवी होती आणि धूळ थांबली होती. दहा मिनिटांत ती भिंत टोकापर्यंत भरली.

अध्यक्ष काळा कोट, गळ्यात वकिलाचे पांढरे बॅन्ड अशा थाटात आले. मी खाली बसलेली असल्यामुळे या वेळी त्यांना माझ्याकडेच पाहावं लागलं.

"मॅडम, आपण? इथे? खाली?"

"हो. आपल्या ग्रंथात हे नाही, म्हणून म्हटलं स्वतःच पाहावं."

"लोक बघताहेत."

"स्टेजवर बघत होते तेव्हा मला जास्त लाज वाटायला हवी होती." हे मी मोठ्यानं म्हणाले. "तो ग्रंथ मी लिहिलेला नाही. माझं नाव काढा."

म्हातारी भाकरी खाता खाता थांबली. "ह्यांचीबी तारीख हाय व्हय?" तिनं मामांना विचारलं.

"आजच लागली," मामा म्हणाले.

अध्यक्ष वळले. त्यांचा पुकारा झाला होता बहुधा, ते आत गेले. तेवढ्यात अभियंते आले, घुमटवालेच. मी त्यांना विचारलं की इमारत वारसा यादीत आहे, तर दगड घासायच्या परवानगीचा कागद दाखवा. त्यांनी फाइल उघडली, पुढे पाहिलं, मागे पाहिलं. कागद नव्हता. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो दगडाच्या काळजीचा चेहरा नव्हता, चौकशीच्या भीतीचा होता. "सध्या थांबवा," ते सुपरवायझरला म्हणाले. शंभर वर्षांच्या पाठी वाचल्या त्या एका नसलेल्या कागदामुळे. माझं बसणं निमित्त.

काम पुन्हा सुरू झालं नाही. उत्तरेकडचा सतरा फूट तुकडा गेला तो गेला. बाकीची पट्टी आहे. ग्रंथातलं माझं नाव काढण्याबद्दल मी रजिस्टर पत्र पाठवलं. उत्तर आलं, पुढील आवृत्तीत विचार करू. असल्या ग्रंथांची पुढची आवृत्ती निघत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. अध्यक्ष आता रस्त्यात भेटले तर न्यायाधीशांकडे पाहत निघून जातात.

शाल मी कामवाल्या बाईंना दिली. प्रायश्चित्त वगैरे काही नाही, कपाटात जागा नव्हती.

पाठींचं प्रकरण मी पुन्हा लिहून काढलं, आठवणीतून, कारण पानं परत मिळाली नाहीत. मंगळवारी मी मामांच्या घरी जाते. त्यांच्या गच्चीवर चारच्या पुढे समोरच्या टॉवरची सावली पडते, तेव्हा आम्ही बसतो. ते सांगतात, मी त्यांच्याच बोलीत लिहून घेते आणि वाचून दाखवते. पहिल्या पानावर त्यांचं नाव आधी आहे. ते लावायला त्यांची अजून तयारी नाही. त्यांच्या मते बेलिफाचं नाव कागदाच्या शेवटी असतं, बजावलं म्हणून सही करतो तिथे. कोण छापेल ते माहीत नाही. माझ्या जुन्या कॉलेजात विचारलं तर ते म्हणाले, याला संदर्भसूची कुठाय?

गेल्या मंगळवारी त्या ठेंगण्या छताच्या कचेरीचं प्रकरण वाचून झालं. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"बरूबर हाय," ते म्हणाले. "पन प्यायचं पानी कुटं ठिवायचे, त्ये ऱ्हायलं."

"कुठे ठेवायचे?"

"दोन रांजन व्हते. एक सगळ्यांना, आन् एक..." त्यांनी डोळे उघडले. "आमाला त्यो दुसरा व्हता. लिवा."

मी पान उलटलं आणि लिहायला लागले.